सभासद क्रमांक एकशे सतरा

मुलुंड (पूर्व)
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चंदू,

सप्रेम जयभीम.

हे पत्र मी यापूर्वी चार वेळा सुरू केले. चारही वेळा 'स. न. वि. वि.' असे लिहून पुढे गेलो आणि दुसऱ्या परिच्छेदापाशी अडकलो. आज वरचे दोन शब्द लिहिले आणि पुढचे लिहिता येईल असा भरवसा वाटला. आम्ही येथे ठीक आहोत. पावसाळ्यात सुनंदाची पाठ धरली होती, आता तिला उतार आहे. सई वास्तुरचनेच्या चौथ्या वर्षाला आहे. तुम्हा सर्वांची प्रकृती चांगली असावी अशी आशा करतो. चंपाकाकूंना माझा नमस्कार सांग. त्यांनी तो स्वीकारला नाही, तरी तू तो सांगावास.

मुलुंडहून मरोळला यायला मला तासभर लागतो, मग पत्र कशासाठी, असे तुला वाटेल. कारण असे की तुमच्याविरुद्ध एक वाक्य मी लेखी दिले आहे. ते मागे घ्यायचे तर लेखीच घेतले पाहिजे. चौतीस वर्षे बँकेत काढल्यावर तोंडी बोललेले मला बोललेलेच वाटत नाही. शिवाय, समोर बसून हे सांगू लागलो तर मी मध्येच विषय बदलेन. तू मला ओळखतोस. कागदावर विषय बदलला तर तो दिसतो.

सर्व क्रमाने लिहितो. यातले काही तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते कसे घडले ते माहीत नाही.

माधुरीच्या जातवैधता प्रमाणपत्राच्या अर्जात तुम्ही माझे नाव 'वडिलांकडील रक्ताचे नातेवाईक, वैधता प्रमाणपत्रधारक' या रकान्यात लिहिले. तसे लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. आपल्या घरात ते प्रमाणपत्र फक्त माझ्याकडे आहे. तुझ्या कारखान्यात ते कोणी मागितले नाही म्हणून तू काढले नाहीस, आणि काकांचा तर शाळेचाही कागद नाही. तेव्हा माझे प्रमाणपत्र हाच तिचा आधार होता. तू मला त्याबद्दल फोन केला नाहीस. तो का केला नाहीस, हे मला कळते.

गुरुवार, दि. २४ जुलै रोजी जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे अधिकारी माझ्या घरी आले. मी रजेवर होतो. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सचिव म्हणून माझ्या सह्या व्हायच्या होत्या आणि चौथ्या मजल्यावरचे धवलभाई ते कागद घेऊन आले होते. चहा झाला होता. बेल वाजली. अधिकाऱ्यांनी ओळखपत्र दाखवले. धवलभाई उठू लागले, तर अधिकारीच म्हणाले, "बसा, बसा. दोन मिनिटांचं काम आहे." त्या क्षणी मी त्यांना आतल्या खोलीत नेऊ शकलो असतो. नेले नाही, कारण नेले असते तर आत नेण्यासारखे काय आहे, असा प्रश्न धवलभाईंना पडला असता.

"माधुरी चंद्रप्रकाश ओव्हाळ," अधिकारी म्हणाले. "तुमच्या चुलतभावाची मुलगी, असं अर्जात आहे. बरोबर?"

माझ्याआधी धवलभाईच हसले. "ओव्हाळ? अहो साहेब, हे तर बोरगावकर. तुमचा मजला चुकला असेल."

अधिकाऱ्यांनी तुमच्या अर्जासोबतची वंशावळ माझ्यासमोर धरली. मी तिच्याकडे साधारण चार सेकंद पाहिले आणि म्हणालो, "आडनाव वेगळे आहे. हे नाते सिद्ध करणारा कोणताही कागद माझ्याकडे नाही."

"म्हणजे नातं नाहीये?"

"माझ्याकडे कागद नाही, असे मी म्हणालो."

"मग तेवढंच लिहून द्या."

मी लिहून दिले. दिनांक घातला, वेळ घातली, सही केली. चंदू, त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आडनाव वेगळे आहे. कागद माझ्याकडे नव्हता. आयुष्यभर ज्या काटेकोरपणाबद्दल लोकांनी माझे कौतुक केले, तोच वापरून मी तुझ्या मुलीला खोटे पाडले, आणि पुन्हा धवलभाईंबरोबर पार्किंगच्या आराखड्यावर बोलू लागलो.

सई स्वयंपाकघरात होती. धवलभाई गेल्यावर ती बाहेर आली.

"चंदूकाका म्हणजे आल्बममध्ये तुमच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत तेच ना?"

"हो."

"मग तुम्ही काय लिहून दिलंत?"

मी तिला ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. तिने माझा फोन उचलून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "बाबा, काकांना फोन करा. आत्ता."

"आधी कागद," मी म्हणालो.

"कागद नाही म्हणालात ना? मग शोधा. आणि सापडल्यावर काय बहाणा करणार ते पण आताच शोधून ठेवा."

माझी मुलगी माझ्याशी अशा भाषेत कधी बोलली नव्हती. मी तिला रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन साठलेल्या रजेचा अर्ज दिला.

पुढचे साडेतीन महिने माझे ग्रंथालयांत आणि कचेऱ्यांत गेले. सुरुवात सोपी होती. शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात शासकीय राजपत्रांचे जुने खंड आहेत. आबांनी आडनाव बदलल्याची सूचना १९८८ च्या खंडात तिसऱ्याच दिवशी सापडली : 'जुने नाव धोंडिराम भिवाजी ओव्हाळ, नवे नाव धोंडिराम भिवाजी बोरगावकर.' म्हणजे आडनावाचा प्रश्न सुटला. पण राजपत्र आबांपुरते बोलते. त्यांना भाऊ होता की नाही, याच्याशी राजपत्राला कर्तव्य नसते.

मग बोरगावला गेलो. शाळा आता सिमेंटची आहे, पण जुने जनरल रजिस्टर मुख्याध्यापिकेने कपाटात कापडात बांधून ठेवले आहे. आबांची नोंद १९४४ ची, सर्व रकाने भरलेली, जातीचाही. माझे प्रमाणपत्र याच नोंदीवर मिळाले होते, म्हणून ती कुठे असेल हे मला ठाऊक होते. त्यानंतरची आठ वर्षे मी ओळ न् ओळ वाचली. काकांचे नाव, सोपान भिवाजी, कोठेही नाही. पारावर बसलेल्या एका वृद्धाला विचारले, तर तो म्हणाला, "सोपान? त्यो कशाचा शाळंत? थोरला शाळंत बसायचा आन् धाकटा ढोरांमागं. दोघं बसले असते तर खाल्लं काय असतं?" हे मी आजवर कधी ऐकले नव्हते. आबांनी मला सांगितले नव्हते, की मी विचारले नव्हते, ते आता ठरवता येत नाही.

पुराभिलेखागारात मरोळच्या औद्योगिक वसाहतीसाठी झालेल्या जमीन संपादनाच्या फायली पाहिल्या. काका त्या वसाहतीच्या पायाभरणीपासून तेथे कामाला होते, एवढे मला माहीत होते. त्या कागदांत शेतांचे क्षेत्रफळ आहे, विहिरी आहेत, ताडाच्या प्रत्येक झाडाला क्रमांक आहे. जमीन सपाट करणाऱ्या माणसांसाठी एकच शब्द आहे, 'रोजंदारी'. माझे काका त्या शब्दात कुठेतरी होते. झाडाला क्रमांक आहे आणि त्यांना नाही, हे पाहिल्यावर मी वाचनकक्षातून उठून बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसलो. मग आत येऊन उरलेल्या फायली संपवल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंधेरीच्या एका ग्रंथालयात स्थानिक इतिहासाच्या गठ्ठ्यात सोळा पानी पुस्तिका मिळाली. मरोळच्या कामगारांनी चालवलेल्या एका वाचनालयाचा रौप्यमहोत्सव, असा तिचा विषय. तिच्या शेवटच्या पानावर सभासदत्वाचे नियम छापले होते. चौथा नियम असा : 'नवीन सभासदास कायम नोकरीत असलेल्या एका इसमाचा जामीन द्यावा लागेल.' पुस्तक हरवले तर भरून देण्यासाठी. मी तेथेच थांबलो. ज्या संस्थेने जामीनदार मागितला, तिने जामीनदाराचे नाते विचारलेच असणार. मी असतो तर विचारले असते.

ते वाचनालय अजून चालू आहे. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत, तुझ्या गल्लीपासून दोनशे पावलांवर. तुला ते सांगायला नको. मी मात्र सांगितले पाहिजे, की तेथे जाताना मी तुझ्या गल्लीसमोरून न जाता वळसा घालून गेलो. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा वळसा घातला.

तेथील ग्रंथपाल शर्मिष्ठाताई तुझ्या परिचयाच्या असतील. त्यांनी पहिल्या दिवशी मला चष्म्यावरून पाहिले.

"कोणाचं शोधताय?"

"धोंडिराम भिवाजी ओव्हाळ. साधारण एकोणीसशे पासष्ट ते सत्तर."

"सोपानमामांचे कोण हे?"

"थोरले भाऊ."

"आणि तुम्ही?"

"मी नोंदवही पाहायला आलो आहे."

"ते दिसतंय हो. पापड वाळवायला कोणी वही मागत नाही."

त्यांनी शिडी लावून वरच्या फळीवरून तीन वह्या काढल्या, झटकल्या आणि पंखा बंद केला. "पानं सुटी झालीत. घाम आला तर रुमालानं पुसा, वहीवर गाळू नका." मी पाने उलटत होतो आणि शर्मिष्ठाताई पुस्तकांना शिक्के मारता मारता बोलत होत्या. "मामा रोज पाचला यायचे. चष्मा घरी विसरायचे. मग मला म्हणायचे, शर्मिष्ठे, तू नुसते मथळे वाच, खालचं मी समजून घेतो. बँकेचं काही छापून आलं की कापून ठेवायचे. मुलुंडला पुतण्या आहे ना बँकेत, त्याच्या उपयोगी पडेल म्हणायचे. तो कसला येतोय! मेला नालायक. एवढ्या वर्षांत एकदा फिरकला नाही."

"ती कात्रणे कुठे आहेत?" मी विचारले.

"रद्दीत गेली. किती दिवस सांभाळणार?"

नोंद तिसऱ्या भेटीत सापडली. ती जशी आहे तशी उतरवून देतो.

'सभासद क्र. ११७. धोंडिराम भिवाजी ओव्हाळ. दि. ३ एप्रिल १९६६. शिक्षण : रात्रशाळा, इयत्ता दहावी. जामीनदार : सोपान भिवाजी ओव्हाळ, कायम कामगार. नाते : धाकटा सख्खा भाऊ.' आणि पुढे जामीनदाराची सही. चंदू, ती सही तीन अक्षरांची आहे आणि 'स'ची गाठ दोनदा गिरवलेली आहे. अक्षरओळख नुकतीच झालेल्या माणसाची ती सही आहे. ज्या धाकट्याला शाळेत बसता आले नाही, त्याच्या जामिनावर थोरल्याला पुस्तके मिळाली. आबा त्या पुस्तकांवर मॅट्रिक झाले, कारकून झाले. मी आज जो आहे तो त्यानंतरचा आहे.

त्याच ओळीत, 'ओव्हाळ' या शब्दावर लाल शाईची एक आडवी रेघ आहे आणि वर बारीक अक्षरांत लिहिले आहे : 'बोरगावकर. राजपत्र पाहून बदल केला. अर्ज सोबत चिकटवला. १९-११-८८.' त्या काळच्या कोणा ग्रंथपालाने आपले काम चोख केले. आबांची दोन्ही आडनावे आणि काकांशी असलेले नाते, हे सर्व एका ओळीत आहे. इतका स्वच्छ पुरावा मी नोकरीतही क्वचित पाहिला असेल.

शर्मिष्ठाताईंनी प्रत काढण्यापूर्वी अभ्यागत वहीत माझे नाव लिहायला सांगितले. मी लिहिले : देवदत्त धोंडिराम बोरगावकर, मुलुंड. त्यांनी ते वाचले. माझ्याकडे पाहिले. मी पेन वहीत ठेवले. त्या म्हणाल्या, "झेरॉक्सवाला समोरच आहे. वही मी घेऊन येते. तुमच्या हातात देणार नाही."

येथपर्यंतचे पत्र कोणालाही दाखवता येईल असे आहे. यापुढचे फक्त तुझ्यासाठी.

नोंदवहीला चिकटवलेला तो अर्ज मी उघडला. खाली सही आबांची आहे. अर्जाचे अक्षर माझे आहे. आपल्या घरात आजवर असेच सांगितले गेले, की कचेरीत वरिष्ठ टोचून बोलत म्हणून आबांनी आडनाव बदलले. सुनंदालाही मी हेच सांगितले, सईलाही. तसे घडले नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, वाणिज्य महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला. शिष्यवृत्तीची यादी फलकावर लागली आणि त्यानंतर डबा खाताना दोन मित्रांनी जागा बदलली. बोलले काहीच नाहीत. मी घरी येऊन आबांच्या मागे लागलो. त्यांनी तीन महिने टाळले. "सोपानला काय सांगू?" एवढेच म्हणत राहिले. शेवटी मी राजपत्राचा अर्ज भरला, शुल्क भरले आणि त्यांच्यापुढे पेन धरले. वाचनालयातला बदलही मीच अर्ज देऊन करून घेतला, नोंदीत आणखी काय लिहिले आहे ते तेव्हा पाहिले नाही, कारण एकाही ठिकाणी जुने नाव राहू नये, अशी माझी पद्धत होती. ज्या काटेकोरपणाने ते नाव पुसायला मी तेथे गेलो, त्याच काटेकोरपणामुळे आज पुरावा उरला. यात माझे श्रेय काही नाही.

आता २००४. त्या वर्षी बढतीसाठी मला वैधता प्रमाणपत्र हवे होते. अर्जासोबतच्या वंशावळीत मी आजोबा भिवाजी लिहिले, त्यांच्याखाली एकच रेघ काढली आणि तिच्या टोकाला आबांचे नाव लिहिले. एकच रेघ, चंदू. शपथेवर. स्वतःला कारण असे दिले की दोन आडनावे दिसली तर शंका निघतील, विलंब होईल. माधुरीला समितीने जी नोटीस दिली, 'नमूद नातेवाईकाच्या मूळ वंशावळीत अर्जदाराची शाखा आढळत नाही', ती शाखा मी कापलेली आहे. जुलैचे वाक्य त्यानंतरचे. म्हणजे माझ्याच दोन कागदांनी तिला दोन वेळा नाकारले.

ज्या आठवड्यात ते प्रतिज्ञापत्र केले, त्याच आठवड्यात आमच्या या घराचा गृहप्रवेश होता. तू आणि काका आला होतात. काकांनी नवा सदरा घातला होता. शेजारच्या मंडळींनी विचारले तेव्हा मी काय म्हणालो ते तुला आठवते. 'वडिलांचे जुने स्नेही.' मला वाटले होते तू भांडशील. तू पेला खाली ठेवलास आणि काकांकडे पाहिलेस. काका त्या गृहस्थांना म्हणाले, "हो, फार जुनी ओळख आहे." त्यांनी मला सांभाळून घेतले. चहा पूर्ण प्यायले, सुनंदाला आशीर्वाद दिला आणि गेले. त्यानंतर तुम्ही आला नाहीत. मी बोलावलेही नाही.

आता मी काय केले ते सांगतो.

बुधवार, दि. १२ नोव्हेंबर रोजी मी समितीकडे नवे प्रतिज्ञापत्र दाखल केले आहे. त्यात २००४ ची वंशावळ जाणूनबुजून अपूर्ण दिली हे मान्य केले आहे आणि जुलैमधले निवेदन मागे घेतले आहे. राजपत्राचे पान, बोरगावच्या रजिस्टरचा उतारा, वाचनालयाच्या नोंदीची शिक्क्यासह साक्षांकित प्रत, सर्व जोडले आहे. पोच घेतली आहे. प्रत्येक कागदाची एक प्रत या पत्रासोबत आहे. माधुरीने ती तिच्या फाइलला लावावी.

वकिलांनी मला सावध केले, की शपथेवर अपूर्ण माहिती दिल्याबद्दल माझ्या स्वतःच्या प्रमाणपत्राची फेरचौकशी होऊ शकते, आणि ती बँकेपर्यंत जाऊ शकते. सुनंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. थोडं थांबून केलं असतं तर?" मी म्हणालो, माधुरीचा प्रवेश तात्पुरता आहे आणि मुदत एकतीस डिसेंबरला संपते. तिने विचारले, "आणि तुमचं काही झालं तर?" मी म्हणालो, "जे होईल ते माझ्या सहीमुळे होईल. तिचं जे होतंय तेही माझ्याच सहीमुळे होतंय." यावर ती उठली आणि तिने तुझ्या घरचा पत्ता मला नीट लिहून दिला. इतकी वर्षे तो तिच्या वहीत होता. मला माहीत नव्हते.

ज्याच्यासमोर नाकारले त्याच्यासमोर सांगितलेही पाहिजे, म्हणून प्रतिज्ञापत्राची प्रत घेऊन मी धवलभाईंकडे गेलो. त्यांनी ती वाचली.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे ते साहेब बरोबर घरी आले होते."

"हो. ती माझी पुतणी आहे."

"अच्छा, अच्छा. चांगलं केलंत." आणि मग लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल बोलू लागले. माणूस वाईट नाही. तेव्हापासून मात्र जिन्यात भेटले की थोडे अधिक वाकून नमस्कार करतात आणि थोडे लवकर पुढे जातात. त्या नमस्काराची ओळख मला छप्पन्नाव्या वर्षी झाली. तुला ती लहानपणापासून असेल. तू तिच्यासह जगलास, आणि नाव तेच ठेवलेस.

सुनावणी गुरुवार, दि. ४ डिसेंबर रोजी सकाळी अकरा वाजता आहे. मला साक्षीसाठी बोलावले आहे. मी साडेदहाला तेथे असेन. तुला माझ्याशेजारी बसायचे नसेल तर मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसेन. अधिकाऱ्यांनी विचारले तर मी एका शब्दात उत्तर देईन आणि या वेळी कागदाचा आधार घेणार नाही. माधुरीने मला काय म्हणून हाक मारावी, किंवा मारूच नये, ते तिचे तिने ठरवावे. सईला यायचे आहे. तिला मी नाही म्हणणार नाही. ती तुझ्याशी बोलायला येईल, तिला परत पाठवू नकोस. तिने काही केलेले नाही.

आता शेवटचे. ते लिहिण्यासाठीच इतके सगळे आधी लिहिले असावे.

तुमच्या वंशावळीकडे मी चार सेकंद पाहिले, असे वर लिहिले आहे. त्या चार सेकंदांत मी एक शब्द वाचला, तो तुला अजून सांगितलेला नाही. काकांच्या नावापुढे कंसात लिहिले होते, 'मयत'. काका गेल्याचे मला तसे कळले. परक्या माणसाच्या हातातल्या कागदावर, शेजाऱ्यासमोर, पंख्याखाली. आणि ते वाचल्यानंतर, आधी नाही, नंतर, मी ते वाक्य उच्चारले. कंसातला शब्द वाचून माझा चेहरा बदलला असता तर नाते तेथेच सिद्ध झाले असते. मी तो बदलू दिला नाही.

या साडेतीन महिन्यांत मला पुष्कळ तारखा मिळाल्या. आबा शाळेत कधी बसले, सभासद कधी झाले, नाव कधी बदलले, सर्व दिवसानिशी. काका कधी गेले ती तारीख माझ्याकडे नाही. महापालिकेच्या कचेरीत अर्ज केला असता तर आठ दिवसांत उतारा मिळाला असता. तो अर्ज मी केला नाही. शर्मिष्ठाताई स्वतःहून सांगू लागल्या होत्या, "मामा गेले त्या दिवशी..." मी त्यांना मध्येच थांबवले. प्रतिज्ञापत्रात त्या तारखेची गरज नव्हती. मला आहे. त्या दिवशी मी कोठे होतो, काय करत होतो, कोणत्या कागदावर सही करत होतो, हे मला माझ्या डायरीत पाहायचे आहे. काकांच्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या थोरल्या भावाच्या घरचे कोणीही नव्हते, हे किती वर्षांपूर्वी घडले ते मला मोजता आले पाहिजे.

ती तारीख मला कोणत्याही वहीतून नको. ती तू सांग. पत्राने सांग, फोनवर सांग, चार तारखेला व्हरांड्यात माझ्याकडे न पाहता सांगितलीस तरी चालेल.

उत्तर मागण्याचा अधिकार नसलेला, तरीही मागणारा,
तुझा चुलतभाऊ
देवदत्त